फुईची सव्वा मूठ

फुई आमच्याकडे कायमची राहायला आली तेव्हा तिच्या पिशवीत दोन लुगडी, एक तांब्या आणि फडक्याच्या गाठीत बांधलेल्या स्वतःच्या तीन दाढा होत्या. फुई म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमच्या अहिराणीत आत्याला फुई म्हणतात. दाढा तिने पुरावा म्हणून जपल्या होत्या. उजव्या गालात तिला अशी कळ यायची की हातातलं भांडं गळून पडे. कळ टिकायची क्षणभर, पण पुन्हा कधी येईल या धास्तीत तिचा सगळा दिवस जायचा. गावाकडच्या दातवाल्याने दाढ किडली म्हणून एक उपटली, मग तिच्या शेजारची, मग तिच्याही शेजारची, आणि तिन्ही निघाल्या चांगल्या धडधाकट. "दात गयात, दुखनं काही गयं नही," असं ती येईल त्याला सांगायची आणि गाठ सोडून दाखवायची. पाहुण्यांना चहाबरोबर दाढा बघाव्या लागत. मी सोळा वर्षांची होते आणि मला या प्रकाराची मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटे.

फुईला मूलबाळ नव्हतं म्हणून नवऱ्याने दुसरी केली होती. त्या दुसरीच्या हाताखाली कित्येक वर्षं राबल्यावर एके दिवशी ती उठली आणि नंदुरबारहून गाडीत बसून थेट सुरतेला आमच्या दारात उभी राहिली. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादांनी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाले, "हाई तुनं घर शे, बाई." मायने स्टोव्हला पंप मारायला घेतला, आणि तो नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ मारला. दोन खोल्या, त्यात आम्ही चौघं आधीच होतो. धाकटा भाऊ आणि मी एका चटईवर झोपायचो. पण मायचं रागावणं तेवढंच. दुसऱ्या दिवसापासून ती फुईला आधी वाढायला लागली.

लिंबायतच्या त्या घराची मागची भिंत लूमच्या खात्याला लागून होती. सुरतेत यंत्रमागाच्या कारखान्याला खातं म्हणतात. भिंत दिवसरात्र थरथरायची, मांडणीवरचे पेले एकमेकांना लागून वाजत राहायचे, आणि आम्ही सगळेच घरात ओरडून बोलायचो. दादा उधन्याच्या एका खात्यात बारा तास माग चालवायचे. माय घरी साड्यांचे धागे कापायची. बाजारातून गठ्ठे यायचे, साडीच्या उलट बाजूचे लोंबते धागे कात्रीने छाटून, घडी घालून परत द्यायचे. आमच्या घरात कायम शंभरेक साड्या असत आणि त्यातली एकही आमची नसे. सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला पाळी बदले. गल्ली माणसांनी भरून जाई, आणि तीच माझी गोळीची वेळ असे. घड्याळ बघावं लागत नसे. माय कात्री खाली ठेवायची, डब्यातून गोळी काढायची आणि तळहातावर धरून माझ्यासमोर उभी राहायची.

मला फिट यायच्या. बाराव्या वर्षी शाळेत पहिली आली, नंतर घरात, विहिरीवर, लग्नाच्या मांडवात. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ही गोळी सुरू केली तेव्हापासून मात्र जवळजवळ दोन वर्षं एकही आली नव्हती. हे सगळं घराबाहेर कोणालाही माहीत नव्हतं. शाळेतली फिट ‘उन्हाची चक्कर’ होती, मांडवातली ‘उपाशी होती पोर’. चलथाणच्या साखर कारखान्यात कामाला असलेल्या एका घरून माझ्यासाठी विचारणा होत होती. दादा एवढ्यात नको म्हणत होते, पण माय नाही म्हणून दार लावायलाही तयार नव्हती. मला त्या गोळीचा मनापासून राग होता. ती घेतली की पहिला तासभर डोक्यात कापूस भरल्यासारखं वाटे, धडा वाचून पुन्हा पहिल्या ओळीवर यावं लागे. मी मुळातच एका जागी न बसणारी मुलगी. चालताना धावायचे, बोलताना दुसऱ्याचं वाक्य तोडायचे. मला वाटायचं, खरी मी या गोळीखाली कुठेतरी दाबून ठेवलेली आहे. आज पन्नाशी उलटल्यावर हे लिहितानाही तो राग मला जसाच्या तसा आठवतो, आणि गंमत म्हणजे आजही मी तीच गोळी घेते.

फुई आल्यापासून घराला स्वस्थता उरली नाही. वाऱ्याची झुळूक लागली तरी तिला कळ येई, म्हणून आषाढाच्या उकाड्यात आमचा पंखा बंद. उजव्या गालाला पाणी लागलं तरी कळ, म्हणून ती अर्धाच चेहरा धुवायची. एक गाल उजळ आणि एक काळपट. भाकरी चावणं तर सोडूनच द्या. बाजरीची भाकरी आणि भरीत यावर वाढलेली बाई मुगाच्या पाण्यावर आणि कोपऱ्यावरच्या दुकानातल्या लोचोवर आली. हरभऱ्याच्या डाळीचा हा सुरती पदार्थ मऊ असतो, न चावता गिळता येतो. पण तिच्या लेखी ते जेवणच नव्हतं. "हाई काय, लहान पोरले चाराडतस तसं," असं पुटपुटत ती डाव्या बाजूने एकेक घास आत सरकवायची आणि मध्येच ताठ व्हायची. डोळे मिटायची, हात हवेत तसाच. आम्ही सगळे घास हातात धरून थांबायचो. कळ गेली की तिचा हात खाली यायचा, मग आम्ही पुढे जेवायचो. असं एका जेवणात सात-आठ वेळा व्हायचं. मला तर ताटावरून उठून गल्लीत पळत सुटावंसं वाटे.

शेवटी दादांनी तिला माझ्याच दवाखान्यात, माझ्याच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मीही बरोबर होते. बाईंनी दाढांची गाठ सोडून पाहिली, मान हलवली, आणि गालाला बोट न लावता फुईला कुठे, कधी, कशाने दुखतं ते विचारत राहिल्या. मग म्हणाल्या की दुखणं दातांचं नाही, चेहऱ्याच्या नसेचं आहे, आणि कागदावर गोळीचं नाव लिहिलं. मी वाकून वाचलं. माझीच गोळी होती. हे कळल्यावर फुई खुर्चीवरून उठली. "माले काय मिरगी शे का?" असं ती इतक्या मोठ्याने म्हणाली की बाहेरची रांग आत डोकावली, आणि मी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचायला लागले. बाई रागावल्या नाहीत. नस उगाचच कळा पाठवत असते, मेंदूही कधी उगाचच झटके पाठवतो, आणि ही गोळी दोघांनाही शांत करते, असं त्यांनी गुजराती-हिंदीत समजावलं. फुईला त्यांनी सुरुवातीला अर्धी गोळी सकाळी आणि अर्धी संध्याकाळी सांगितली. आठ दिवसांनी दाखवायला या, मग वाढवू. आणि बोट उगारून म्हणाल्या, "आ दुखावानी गोळी नथी, बेन. दुखे त्यारे लेवानी नथी. रोज लेवानी, टाइमे लेवानी." दुखलं की घ्यायची ही गोळी नव्हे, रोज वेळेवर घ्यायची, असं त्यांचं म्हणणं. अंगावर पुरळ आलं, ताप आला, तोंडात फोड आले तर वाट न बघता लगेच या, हेही त्यांनी सांगितलं. फुई मान डोलावत होती, पण तिचं सगळं लक्ष ‘अर्धी’ या शब्दावर खिळलं होतं. तीन दाढा गेलेल्या बाईला अर्धी गोळी म्हणजे थट्टाच वाटली असणार. घरी आल्यावर मायने दोघींच्या गोळ्या सारख्याच म्हणून एकाच डब्यात ओतल्या.

ही गोष्ट सोमवारची. पुढच्या रविवारी कानबाई होती.

कानबाई आम्हा खानदेशी लोकांचा श्रावणातला सण. नारळाची देवी करून तिला नथ घालून चौरंगावर बसवतात, आणि तिचे रोट करतात. रोट म्हणजे गव्हाची जाड, खरपूस पोळी. प्रत्येक घराची रीत थोडी वेगळी असते. आमच्या कुळात माणसागणिक सव्वा मूठ गहू मोजून दळतात, आणि त्या पिठाचे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे, बाहेरच्याला कणही द्यायचा नाही. उरलेलं पीठ पौर्णिमेच्या आत संपवायचं. लग्न करून दिलेली मुलगी दुसऱ्या कुळात गेलेली असते, तिची मूठ धरत नाहीत. सुरतेतले आमचे सगळे भाऊबंद आमच्याच गल्लीतल्या आबांच्या घरी जमत. आबा म्हणजे दादांचे थोरले चुलतभाऊ, आमच्यातले वडीलधारे. गहू मोजायच्या दिवशी दादांनी सगळ्यांसमोर सांगितलं की यंदा आमच्या घरच्या पाच मुठी धरा. आबा म्हणाले, तुम्ही चौघं ना? दादा म्हणाले, बाईची, म्हणजे फुईची एक. मग आबांनी आपल्या बायकोकडे, जिजीकडे पाहिलं. जिजीने तोंड वाकडं केलं. पण दादा, जे कधी कोणासमोर मान वर करत नसत, ते सुपासमोरून हलले नाहीत. आबांनी पाचवी सव्वा मूठ सुपात टाकली आणि म्हणाले, "तिनी पंगतमा बशीसन सगळ्यास्नासमोर खावाले पाहिजे." पंगतीत बसून सगळ्यांदेखत खाल्लं पाहिजे, एवढीच अट होती.

दादांनी हे घरी येऊन सांगितलं तेव्हा फुई साडीचे धागे छाटत होती. तिने कात्री ठेवली. पदर डाव्या डोळ्याला लावला, कारण उजव्या बाजूला लावता येत नव्हता. त्यानंतर ती दुसरं काही बोलेचना. रोट किती जाड असतो, तव्यावरचा असतो की तुपात बुडवलेला, लहान घास चालतो का, दुधात कुस्करला तर चालेल का. माहेरच्या घरात आपल्या नावाने सव्वा मूठ गहू मोजला गेला ही गोष्ट तिला नवऱ्याने कधीही न दिलेल्या दागिन्यांपेक्षा मोठी होती. आणि रविवार पाच दिवसांवर आला होता. त्या संध्याकाळी तिने कोपऱ्यात बसून शिळ्या पोळीचा तुकडा चावून पाहिला. मी बघत होते. दुसऱ्याच घासाला ती भिंतीला टेकली आणि तिच्या तोंडातून आवाज निघाला तो मला आजही ऐकू येतो, मागच्या सगळ्या मागांच्या खडखडाटासकट.

मी काय केलं ते आता सांगते. त्या मंगळवारी सातच्या पाळीला मायने गोळी दिली, ती मी जिभेखाली धरली, मोरीत जाऊन काढली, पुसली आणि फुईच्या हातावर ठेवली. तिला म्हटलं, डॉक्टरीणबाईंनी मला बंद करायला सांगितलीय, दोन वर्षं फिट नाही ना, म्हणून. ही तू घे. अर्धीने काय होणार? फुईने माझ्याकडे निरखून पाहिलं. "खरं सांगस ना, पोर?" मी खरं म्हणाले. ती मला चांगली ओळखत असती तर तिला कळलं असतं, कारण खोटं बोलताना मी कधी नव्हे ती शांत उभी राहायचे. दयेपोटी केलं असं मी पुढे अनेकांना सांगितलं, आणि ते खोटं नाही. पण निम्मं कारण हे होतं की मला ती गोळी टाकायचीच होती आणि टाकायला चांगलं कारण मिळालं होतं.

सकाळी एक, संध्याकाळी एक. माझ्या दोन, आणि तिच्या अर्ध्याअर्ध्याच्या जागी तिने आपल्या मनानेच अख्ख्या दोन सुरू केल्या. डबा एकच होता, कोण किती काढतंय हे कोणाला कळणार. गुरुवारी तिने आमटीत कुस्करलेली भाकरी खाल्ली. शुक्रवारी तिने उजवा गाल धुतला. साबण लावून धुतला आणि आरशात बघून हसली. दादांनी पंखा लावला आणि आम्ही सगळे त्याच्याखाली मोठ्या समारंभाने बसलो. मी तर हवेतच होते. डोक्यातला कापूस गेला होता, पाठांतर झरझर होत होतं, झोप कमी लागत होती आणि त्याचंही मला कौतुकच वाटत होतं. हात सारखा काहीतरी करायला शिवशिवायचा. मी एका बैठकीत दहा साड्यांचे धागे छाटले आणि अकरावीला भोक पाडलं. शनिवारपासून फुई दाराच्या चौकटीला धरून चालायला लागली. माय म्हणाली, इतके दिवस पोटात काही नव्हतं, अशक्तपणा आहे. मीही तेच म्हणाले. आत कुठेतरी पाल चुकचुकली होती, पण रविवार एका दिवसावर होता आणि मला थांबायचं नव्हतं.

रविवारी आबांच्या घरी चौरंग मांडला होता. केळीचे खांब, फुलांच्या माळा, नथ घातलेली नारळाची देवी, समोर पुरणपोळ्या, खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी आणि रोटांची चळत. पंगत बसली. फुई नवं लुगडं नेसून दादांच्या शेजारी बसली. सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे होतं आणि न बघण्याचं सोंग सगळ्यांनीच आणलं होतं. तिने देवीला हात जोडले आणि जरा वेळाने हळूच दादांना म्हणाली, "भाऊ, माले दोन कानबाई दिसतस." दादांना वाटलं, भक्तीने म्हणतेय. तिने रोटाचा तुकडा मोडायला हात पुढे केला तो ताटाच्या बाहेर जमिनीवर पडला. पुन्हा केला, पुन्हा चुकला. कोणीतरी हसलं. तिसऱ्यांदा तिला रोट सापडला, तिने घास तोंडात घातला, चावला, चावताना तिला अजिबात दुखलं नाही. मी पाहत होते, तिचा चेहरा आनंदाने फुलला. आणि पुढच्याच क्षणी ती एका बाजूला कलंडली आणि पंगतीतच, देवीसमोर, तिला उलटी झाली.

जिजी एवढंच म्हणाली, "कानबाईले हाई चालनं नही." तिने आवाज चढवला नव्हता, पण ते सगळ्यांनी ऐकलं. माय आणि मी फुईला दोन्ही बाजूंनी धरून घरी आणलं. ती वाटेत सारखी म्हणत होती की मी खाल्लं होतं, घास गिळला होता, तू पाहिलंस ना. मी हो म्हणत होते. त्या दिवशी मी तिला गोळी दिली नाही. पण स्वतःही घेतली नाही. खरं सांगायला हवं होतं तेव्हा मी नुसती घरभर फिरत राहिले.

सोमवारी सकाळी विसर्जन. चौरंग डोक्यावर घेऊन बायका तापीकडे निघाल्या, डफ वाजत होते, पोरीबाळी फुगड्या घालत होत्या. मी जायला नको होतं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. पण घरात फुईसमोर बसवेना म्हणून गेले. डफाचा आवाज, उन्हाची तिरीप, उदाचा वास, इतकंच आठवतं. मग काही नाही. जागी झाले तेव्हा मी रस्त्याच्या कडेला मायच्या मांडीवर होते, जीभ चावली गेली होती, अंग कुटल्यासारखं दुखत होतं. आणि बायका माझ्या पाया पडत होत्या. कपाळभर कुंकू, गळ्यात झेंडूची माळ. जिजी हात जोडून विचारत होती, "माय, काय चुकनं आमनं?" मला फिट आली होती आणि मिरवणुकीला वाटलं होतं की अंगात देवी आली. मी मायकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत भीती होती आणि तिच्या जोडीला सुटकाही होती, कारण देवी अंगात आलेल्या मुलीचं लग्न होतं, फिट येणाऱ्या मुलीचं होत नाही. तिने माझ्या पाठीवर हात ठेवून मला गप्प राहायची खूण केली. मला तर बोलताच येत नव्हतं. देवी काही बोलली नाही याचा अर्थ ती फार रागावलीय, असं सगळ्यांचं ठरलं.

दुपारी आबांच्या घरी भाऊबंद बसले. पुरुष सतरंजीवर, बायका दारात. निवाडा साधाच होता. पाचवी मूठ धरली हीच चूक झाली. देवीने फुईचा घास परत केला आणि पोरीच्या अंगात येऊन सांगितलंही. तेव्हा फुईच्या वाट्याचं पीठ तापीत सोडायचं, आणि यापुढे तिची मूठ धरायची नाही. सुपासमोरून न हललेले ते दादा आता मान खाली घालून बसले होते, कारण देवीशी कोण भांडणार. फुई दाराला टेकून उभी होती. रडत नव्हती. आयुष्यभर तिला सगळीकडून ‘तू आमची नाहीस’ असंच सांगितलं गेलं होतं, हे एक आणखी, अशा तयारीने ती ऐकत होती. ते मला बघवलं नाही. मी उठले. मायने माझी ओढणी धरली. मी ती तिच्या हातात सोडून पुढे गेले.

"आबा, मना आंगमा कोणी वनं नही. माले फिट वनी." जीभ सुजलेली होती, त्यामुळे अंगात कोणी आलं नाही, फिट आली, हे मला दोनदा सांगावं लागलं. मग सगळंच सांगितलं. बारा वर्षांची होते तेव्हापासूनचं. उन्हाची चक्कर नव्हती, उपाशी नव्हते. गोळीने दोन वर्षं बरी होते, ती गोळी मी सहा दिवस घेतली नाही आणि खोटं बोलून फुईला चारली, म्हणून मला फिट आली आणि तिला दोन देव्या दिसल्या. देवीचा यात काही संबंध नाही. आबांनी विचारलं, "कसानी गोयी?" मायने तोवर डबा आणला होता. हो, मायनेच. ओढणी टाकून ती घरी गेली होती आणि धावत डबा घेऊन आली होती. तिने तो आबांसमोर सतरंजीवर ठेवला आणि तिथेच मला एक मुस्काटात मारली, आणि मग मला जवळ घेऊन रडली. दारातल्या बायकांत कुजबुज सुरू झाली. त्यांत चलथाणवाल्यांची एक नातेवाईक होती. तिथून पुन्हा कधी विचारणा आली नाही. मला त्याचं दुःख झालं असं म्हणणं लबाडीचं होईल, पण मायच्या चेहऱ्याकडे मला पुढे कितीतरी दिवस बघता आलं नाही.

आबा हट्टी होते, मूर्ख नव्हते. पौर्णिमेला अजून पाच दिवस आहेत, दवाखान्यात विचारून या, मग पिठाचं बघू, असं ते म्हणाले. तसेच आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी दोघींना एक दिवस ठेवून घेतलं, शेजारशेजारच्या खाटांवर. एकीला तीच गोळी जास्त झालेली, एकीला कमी पडलेली. "गोळी एक छे, पण दरदी बे छे," रोगी दोन आहेत, असं म्हणत त्यांनी मायला दोन वेगळे डबे करायला लावले, वर नावं लिहून. मला त्या फार बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की ही गोळी कधी थांबवायची तर ती मी थांबवीन, महिनोन्महिने थोडी थोडी कमी करत. तू एका दिवसात थांबवलीस तर ती असाच सूड घेते. चुकून एखादी राहिली तर आठवल्यावर घे, पण पुढच्या वेळी दोन घेऊ नकोस. फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, चप्पल-कांदा हुंगवू नका, हे त्यांनी दादांना दोनदा म्हणायला लावलं. डोक्यातल्या कापसाचं मी पहिल्यांदाच त्यांना सांगितलं. त्यांनी गोळी जेवणाबरोबर घ्यायला सांगितली आणि ते बरंच कमी झालं. दोन वर्षं मी रागावत राहिले होते आणि विचारायला मात्र गेले नव्हते. पुढे लग्न ठरलं, माझ्या मर्जीने आणि सगळं सांगून ठरलं, तेव्हा मूल हवं असेल तर आधी येऊन सांग, मग ठरवू, असं बजावणाऱ्याही त्याच बाई. मी आधी जाऊन सांगितलं. माझी मुलगी आता इंजिनियर आहे आणि तिला मी एका जागी बसत नाही म्हणून माझी थट्टा करता येते.

फुईची गोळी दोन दिवस बंद करून पुन्हा अर्धी-अर्धी सुरू केली. दोनाच्या जागी एक कानबाई, म्हणजे एक जग दिसायला लागलं, आणि कळही परत आली. पहिल्याइतकी नाही, पण आली. हळूहळू वाढवत नेऊ, महिन्याभरात बरं वाटेल, असं बाई म्हणाल्या. महिनाभर थांबायला पौर्णिमा तयार नव्हती.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी आबांच्या घरी शेवटच्या पिठाचे रोट झाले. जिजीनेच भाजले. पंगत बसली, आणि आबांनी स्वतः फुईला हाक मारून आपल्यासमोर बसवलं. मायने दुधाची वाटी तिच्या ताटाशी सरकवली, कुस्करून खा म्हणून. फुईने वाटी बाजूला केली. तुकडा मोडला, डाव्या गालात घातला, चावला. दुसऱ्या घासाला कळ आली. तिचे डोळे मिटले, हात हवेत थांबला. या वेळी सगळी पंगतच घास हातात धरून थांबली. कळ गेली, तिचा हात खाली आला, तिने पुढचा तुकडा मोडला. असं किती वेळा झालं मी मोजलं नाही. मी नखं खात बसले होते, उठून पळावं असं पाय म्हणत होते, आणि मी बसून होते. उजव्या डोळ्यातून पाणी गालावर ओघळत होतं आणि तिला ते पुसता येत नव्हतं, कारण त्या गालाला हात लागला तर पुन्हा कळ येईल. पण तिने रोट संपवला, शेवटच्या कणासकट, आणि मान वर करून पाहिलं.

आबा तिच्याकडे बघत होते. आता काहीतरी मायेचं बोलावं असं त्यांना वाटलं असणार. ते जिजीला म्हणाले, "आमनी बाईले आखो एक वाढ." आमच्या बाईला आणखी एक रोट वाढ.

पंगतीत वडीलधाऱ्याने वाढायला लावलेलं नाही म्हणता येत नाही. फुईने दोन्ही हातांनी ताट पुढे केलं.